कमलताईंचे घरगठ्ठे

कमलताई नगराळे माणसाचं नाव नंतर विचारत, आधी त्याला हुंगत. आमच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत त्यांची खुर्ची होती. खिडकीपुढे कुणी उभं राहिलं, की त्या चष्मा कपाळावर ढकलत, जाळीला नाक टेकेल इतक्या पुढे वाकत आणि एक सावकाश श्वास घेत. नवख्याला वाटे, बाईंना कमी ऐकू येत असावं. म्हणून तो आपलं नाव आणखी मोठ्यानं सांगे. मोठ्यानं सांगितलं की वास आणखी स्वच्छ येई. एवढ्यावर कमलताईंचं निदान झालेलं असे. डॉक्टरांचं त्यानंतर तासाभरानं होई.

मलाही त्यांनी असंच हुंगलं होतं. औषधांच्या स्टोअरमध्ये नेमणूक झाल्याचं पत्र घेऊन मी पहिल्या दिवशी त्यांच्या खिडकीशी गेलो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, तोंडात मूठभर बडीशेप. त्या पुढे वाकल्या, मागे झाल्या आणि म्हणाल्या, "सोप लय खाता वाटते तुमी."

"पचनाला बरी असते," मी म्हणालो.

"पचनाले," त्यांनी मान डोलावली. "बरं. नाव सांगा."

बडीशेपेखाली काय होतं ते त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. आदल्या संध्याकाळी मित्रांसोबत नोकरी साजरी करून आलो होतो. पण त्यावर त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांत मी त्यांच्या लेखी 'तुमी'चा 'तू' झालो आणि त्यांच्या डब्यातली पातोडीची भाजी माझ्याही पानात येऊ लागली.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. बाहेरगावच्या लोकांना याची गंमत वाटते, आम्हाला सवय आहे. बार नाही, दुकान नाही, पाटी नाही. दारू मात्र आहे. नाल्याकाठी गाळलेली आहे, दुधाच्या कॅनमधून येणारी आहे, आणि माझ्यासारख्या पगारदाराला हद्दीपलीकडे जायला मोटारसायकल आहे. बंदीमुळे फक्त एक होतं. दारू पिऊन दवाखान्यात आलेला माणूस कागदावर दारू प्यायलेला नसतो. तो पडलेला असतो.

हे 'पडणं' बहुतेक कमलताईंच्याच अक्षरात असे. पोटाला धरून, डोक्याला फडकं बांधून लोक खिडकीशी येत आणि हात जोडत, "बाई, तेवढं लिवू नका." पोलिसांची भीती, गावात बदनाम होण्याची भीती. कमलताईंना ते बघवत नसे. "कागदावर आलेलं मरत नाई भाऊ," त्या मला सांगत. "पोरीच्या सोयरिकीच्या टायमाले बरोब्बर वर येते." मग तक्रारीच्या रकान्यात त्या आपल्या मनानं काहीतरी शोभेलसं लिहून देत. बांधावरून पडला. बैलबंडीवरून पडला. बैलानं ढुसणी दिली. गॅस. अंगदुखी. डॉक्टर मंडळी काय समजायचं ते समजत, उपचार योग्य तेच करत, पण तक्रारीचा शब्द कमलताईंचाच पुढे चालत राही. आणि एकदा शब्द दिला, की तो त्या कुणाजवळ फोडत नसत.

पलीकडच्या गावचा शेषराव हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो एका वर्षात सहा वेळा एकाच कडुनिंबावरून पडला. एक नवीन डॉक्टर आले होते, त्यांनी सगळे कागद एकदम वाचले आणि चकित होऊन विचारलं, "शेषराव, तुमचं निंबावर एवढं काय काम असतं?" शेषराव डोक्याला टाके घालून घेत होता. त्यानं विचार केला आणि सांगितलं, "दात घासाची काडी तोडतो साहेब." समोरचे दोन दात त्याला नव्हतेच.

वर्षअखेरीला कुठल्या आजाराचे किती रुग्ण आले, याची यादी ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब स्वतः वाचत. हिंगणघाटकडचे कापसाच्या जिनिंगवाले, सज्जन माणूस, दवाखान्यावर पोटच्या लेकरासारखा जीव. त्यांना दिसलं, की आपल्या भागात पडण्याची साथ आहे. ते अस्वस्थ झाले. 'सांभाळून चढा, सावकाश उतरा' अशी पत्रकं छापून गावोगावी वाटली. त्या पत्रकांच्या घड्या घालायला कमलताई दोन दिवस बसल्या होत्या. चेहरा असा गंभीर, की मी समोरून उठून गेलो. हसू आवरेना.

कमलताई मूळच्या नालवाडीच्या. दवाखान्यात आया म्हणून लागल्या, नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या आणि खिडकीत बसल्या. नवरा लवकर गेला. एक मुलगी, तिला शिकवून शिक्षिका केली. बाईंचा आवाज असा, की खिडकीतून नुसतं "पुढं या" म्हणाल्या तरी एक्स-रेच्या खोलीतला माणूस एक पाऊल पुढे येई. चिडल्या की इंजेक्शनच्या बाईंपासून दादासाहेबांपर्यंत सगळ्यांना 'बह्याड', म्हणजे बावळट, म्हणत, आणि चहा आला की विसरत.

खिडकीमागची रेकॉर्डची खोली त्यांच्याच ताब्यात होती. तिथे त्यांची स्वतःची एक पद्धत होती, आणि त्यावरून त्यांना वरून अनेकदा बोलणी बसली होती. कागद नंबरवार लावायचे, असा नियम. कॉम्प्युटर आल्यावर तर नंबरांना भलताच मान आला. कमलताई 'हो जी' म्हणत आणि घरवार लावत. एका घरातल्या सगळ्या माणसांचे केसपेपर एकत्र, वर्षांप्रमाणे रचलेले आणि परकराच्या जुन्या नाडीनं बांधलेले. नवरा, बायको, सासू, पोरं, सगळी एका नाडीत. त्याला त्या घरगठ्ठा म्हणत. "मानूस का एकटा बीमार पडते?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कॉम्प्युटरला एक कागद शोधायला लागे त्याहून कमी वेळात त्या अख्खं घर काढून देत. त्यामुळे बोलणारे थोडं बोलून गप्प बसत.

व्यसनमुक्तीची खोली उघडली ती त्यांच्याच भुणभुणीनं. 'व्यसनमुक्ती' अशी पाटी लावली असती तर कुणी फिरकलं नसतं, म्हणून दारावर नुसता 'खोली क्रमांक नऊ'. चार खाटा. वर्ध्याहून एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत. पहिले काही दिवस सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, थरथर थांबवायच्या गोळ्या. पुढे दर गुरुवारी बैठक, तिला बायकोनंही यायचं. या बायकांना बोलावण्याचं काम कमलताईंचं. नऊ नंबरला माणूस दाखल झाला, की त्या खिडकी सोडून एकदा आत डोकावत आणि म्हणत, "झोप आता. लय वर्सं झाली, तुह्या घरी कोनी झोपलं नाई."

मला ती खोली आवडत नसे. स्टोअरच्या दारातून ती थेट समोर दिसे. मी स्वतःला त्या चार खाटांवरच्या माणसांतला समजत नव्हतो. ते रोज पिणारे, नाल्याकाठचं पिणारे. मी शनिवारचा आणि बाटलीवरचं लेबल वाचून पिणारा. शनिवार हळूहळू बुधवारपर्यंत आला होता, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खोली चांगली चालली होती. आणि तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दादासाहेबांनी ठरवलं, की नऊ नंबर बंद करून तिथे एसीची स्पेशल खोली करायची. त्यांचा हेतू वाईट नव्हता. स्पेशल खोलीच्या उत्पन्नातून बाळंतपणाच्या वॉर्डाचं गळकं छत नीट करायचं होतं. त्यांनी मला बोलावलं. "प्रमोद, तू हिशेबाचा माणूस. नऊ नंबरच्या माणसांना आपण किती औषध देतो आणि त्यापायी दवाखान्याचं बाकी औषधपाणी काही वाचतं का, एवढं दोन पानांत लिहून दे. वाचत असेल तर खोली ठेवू. नसेल तर पुढच्या सोमवारपासून बंद." हे समजल्यावर कमलताई त्या दिवशी डबा न खाता बसल्या. भाजी मात्र माझ्या पानात वाढली.

मी कामाला लागलो. कॉम्प्युटरवर 'दारू' शोधलं. एकही माणूस नाही. खोली उघडण्याआधीच्या सगळ्या वर्षांत आमच्या दवाखान्यात एकही पिणारा आलेला नव्हता. मग नऊ नंबरमधून बरे होऊन गेलेल्यांचे कागद काढले. पहिलाच शेषराव. आणि मला मोठंच घबाड सापडलं. दारू सोडल्यावर शेषरावचे कागद कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते! रक्तदाब तपासला, गोळ्या सुरू. डोळ्याचं ऑपरेशन. दातांची कवळी. हर्नियासुद्धा निघाला. पीत होता तेव्हा टाके आणि सलाईन, एवढ्यावर भागत होतं. म्हणजे उपचारानं खर्च घटत नाही, उलट चढतो. मी ते दोन पानांत सुबक लिहिलं आणि खरं सांगायचं तर खूश होऊन कमलताईंना वाचून दाखवलं.

त्या हसल्याच. "अरे बाप्पा, पेत होता तवा त्याले दुखतच नोहतं. दारू सुटली अन् मंग कळलं, दातं नाईत, डोया नाई, पोटात गाठ हाये. हे दुखनं नवं नाई, जुनंच हाये. आत्ता त्याचा नंबर लागला."

"पण औषध गेलंच ना स्टोअरमधून?"

"गेलं. लिव. पन एकट्याचा कागद काऊन पाह्यतो? घर पाह्य."

त्यांनी शेषरावचा घरगठ्ठा काढला, नाडी सोडली आणि रेकॉर्डच्या खोलीतल्या फरशीवर वर्षावर्षाचे ढीग लावले. मीही मांडी घालून बसलो. शेषराव पीत होता त्या वर्षांचे ढीग उंच होते, पण त्यात शेषराव अर्धाच होता. बाकी त्याची बायको रुखमा. गोठ्यात पडली. दारावर आदळली. हाताला चटका. अशक्तपणा. झोप नाही. पुन्हा अशक्तपणा. मग सासूबाई, छातीत धडधड, रात्री जागरण. मुलाचं जुनं खरजेचं दुखणं, औषध अर्ध्यावर सोडलेलं, म्हणून तीन वेळा पुन्हा पहिल्यापासून. शेषराव नऊ नंबरमधून घरी गेला त्याच्या पुढच्या वर्षाचा ढीग उंच होता, त्याच्या दाताडोळ्यांमुळे. त्याच्या पुढचा बोटभर. त्याच्या पुढच्या वर्षी रुखमाचा एकच कागद, गोवऱ्यांच्या टोपलीतला विंचू चावल्याचा.

"हा इंचू खरा हाये," कमलताई म्हणाल्या.

आम्ही एकूण दहा घरं काढली. सगळीच अशी नव्हती. तीन घरांत गठ्ठा तसाच जाड राहिला होता, माणूस पुन्हा प्यायला लागला होता. त्यांतला एक तर गेलाही. ते गठ्ठे मी बाजूला सारू लागलो, तर कमलताईंनी माझ्या हातावर चापट मारली. "हे बी मोज. सारे सुधरले असं लिवशीन तं कोनाले खरं वाटनार नाई. मले बी नाई." मी सगळं मोजलं. पट्ट्या, सलाईन, टाके, झोपेच्या गोळ्या, घरवार. सात घरांचं औषधपाणी पहिल्या वर्षी वाढलेलं आणि दुसऱ्या वर्षापासून इतकं उतरलेलं, की बिघडलेली तीन घरं धरूनही दवाखान्याचा फायदाच होत होता. माझी सुबक दोन पानं मी फाडली.

पण खरी अडचण त्यानंतर लक्षात आली. यातल्या एकाही जुन्या कागदावर 'दारू' हा शब्द नव्हता. दादासाहेब म्हणणार, हे तर पडलेले लोक आहेत, पत्रकं वाटली म्हणून पडायचे थांबले. कमलताईंनी फरशीवरच्या ढिगातला एक कागद उचलून पुन्हा वाचला. त्या रडल्या नाहीत. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नाही. पण आवाज एकदम उतरला. "भाऊ, लोकायची अब्रू वाचवासाठी लिवलं मी हे. अन् माह्याच हातानं त्या खोलीचा पुरावा बुजवून टाकला."

"आता सांगून टाका दादासाहेबांना," मी म्हणालो.

"जबान देल्ली हाये मी. एकेकाले. आता अशीच कशी सांगू?"

सोमवारला सहा दिवस होते. कमलताईंनी दोन दिवसांची रजा टाकली, जी त्यांनी मुलीच्या लग्नातही टाकली नव्हती, आणि एसटीनं, ऑटोनं, जमेल तसं त्या दहाही घरी जाऊन आल्या. सांगितलं, की मी कागदावर खोटं लिहिलं, ते आता खरं करायचं आहे, तुमचं नाव निघेल, चालेल का? त्यांना वाटलं होतं, निम्मे लोक दार लावून घेतील. एकानंही लावलं नाही. बायकांनी तर नवऱ्यांना विचारलंसुद्धा नाही, आधीच हो म्हणून टाकलं. जो गेला त्याची म्हातारी आई म्हणाली, "लिवा बाई. निदान त्याच्या नावानं दुसरा कोनी वाचला पाह्यजे." शेषरावची एकच अट होती. "लिवा. पन तो निंब कागदावरून काढा. पोट्टे लय चिडवतेत मले."

त्या परत आल्या त्या दिवशी मी गठ्ठे पुन्हा लावत होतो. खिडकीच्या खुर्चीखाली एक गठ्ठा एकटाच पडलेला दिसला. निळी नाडी. उचलायला गेलो तर कमलताई पटकन म्हणाल्या, "तो राहू दे. तो नाई मोजाचा."

"का?"

"त्या घरची परवानगी नाई मागतली मी."

"राहिलं का जायचं? गाव कोणतं?"

मी नाडी सोडली. वरच माझा कागद होता. मोटारसायकल घसरून पडला. त्याखाली आणखी एक मोटारसायकल. पित्त. पित्त. पोट. मग माझी बायको वैशाली. डोकेदुखी. झोप नाही. डोकेदुखी. चौतिसाव्या वर्षी रक्तदाब. मग आमची सातवीतली मुलगी. सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखतं, तपासण्या केल्या, कारण सापडलं नाही. असे तिचे पाच कागद. त्यातली प्रत्येक गोळी माझ्या स्टोअरमधून गेली होती. माझ्या हातानं, माझ्या सहीनं. वैशालीला डोकं दुखतं म्हणून मी घरी तिच्यावर चिडत असे, की तुला सारखं काहीतरी होतच असतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"मला का नाही विचारलंत?" मी शेवटी म्हणालो.

"दहा घरी जाची हिंमत होती," कमलताई म्हणाल्या. "तुह्या घरी जाची नोहती. रोज माह्या डब्यातलं खातं तू. तुटला असतास तं?"

सोमवारी बैठक भरली. दादासाहेब, ट्रस्टचे आणखी चार जण, डॉक्टर मंडळी. बाहेरच्या बाकावर कडक इस्त्रीच्या कपड्यांत शेषराव आणि आणखी सहा जण, शेजारी त्यांच्या बायका. मध्ये कमलताई, मांडीवर नाडीबंद गठ्ठे. आत बोलावल्यावर त्यांनी सगळं उभ्यानंच सांगितलं, बाकीची मंडळी दारात उभी. आपण वर्षानुवर्षं खोटं लिहिलं, का लिहिलं, आणि आता काय शिक्षा करायची ती करा, पण आधी हे घरवार मोजलेलं वाचा. दादासाहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे सगळे पडलेच नव्हते?"

शेषराव पुढे आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, मी त्या निंबावर जल्मात चढलो नाई. मले चढताच येत नाई."

"आणि आम्ही वाटलेली पत्रकं?"

"लय कामी आली साहेब. दोन महिने चूल पेटवली." हे रुखमा बोलली, आणि आधी एक डॉक्टर हसले, मग सगळी खोली. दादासाहेब सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त वेळ हसले. डोळे पुसून त्यांनी माझे कागद वाचायला घेतले. दोनदा वाचले. मग चष्मा काढला. "प्रमोद, हिशेब पटतो. पण दहाच घरं आहेत. हे सगळे गरीब, रोज पिणारे. नोकरीवाल्या, बऱ्या घरात असं होत नसेल. मग एवढ्यावरून मी कायमची खोली कशी ठेवू?"

निळ्या नाडीचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. तो काढेन की नाही, हे मला टेबलाशी बसेपर्यंत माहीत नव्हतं. वैशालीला मात्र आदल्या दिवशी विचारलं होतं. ती भांडी घासत होती. हात थांबले, "खरंच दाखवशील?" एवढंच म्हणाली. मी गठ्ठा दादासाहेबांसमोर ठेवला. "हे अकरावं घर. नोकरीवालं आहे. माझं आहे."

कुणी हसलं नाही. दादासाहेबांनी गठ्ठा उघडलाही नाही. त्यावर नुसता हात ठेवला. मग म्हणाले, "नऊ नंबर राहील. एसी माझ्या ऑफिसात बसवा आणि तिथे खाट टाका, मी बाहेर पंख्याखाली बसेन." आणि कमलताईंकडे वळून, "बाई, शिक्षा म्हणून हे सगळे जुने कागद तुम्हीच दुरुस्त करायचे. माणसाला विचारून, एकेक."

ती शिक्षा कमलताईंनी निवृत्त होईपर्यंत भोगली आणि चांगलीच मजेत भोगली. खिडकीशी आलेल्या माणसाला त्या अजूनही आधी हुंगत, पण मग कागद त्याच्याकडे फिरवून सरळ सांगत, "खरं लिवते मी, भेव नको. हे फक्त डाक्टर पाह्यते." आता त्या नालवाडीला मुलीजवळ असतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे औषधाचे कागद त्यांनी घरवार लावून दिले आहेत, असं मुलगी तक्रारीच्या सुरात सांगते. आमच्या दवाखान्यात मात्र आता कॉम्प्युटरमध्येच प्रत्येक घराला नंबर दिला आहे. एक कागद उघडला की घर उघडतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः नऊ नंबरमध्ये दाखल झालो. तिसरी खाट, खिडकीजवळची. लेबल वाचून पिणाऱ्याचे हातही तितकेच थरथरतात. दुसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्या दिसल्या, ज्या नव्हत्या. चौथ्या दिवशी शेषराव येऊन त्याची कवळी काढून दाखवून गेला, मला हसवायला. स्टोअर समोरच होतं. माझ्याच सहीनं मागवलेल्या सलाईनच्या बाटल्या माझ्याच हाताला लागलेल्या होत्या. कमलताई दिवसातून चार वेळा येऊन उशी थापटून जात आणि प्रत्येक वेळी मला बह्याड म्हणत.

पाचव्या दिवशी दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, वैशाली आली हाये."

मी दचकून उठलोच. सुई ओढली गेली. "काय झालं तिला? डोकं? रक्तदाब तपासला का? वरच्या कप्प्यात डावीकडे तिच्या गोळ्या आहेत—"

"अरे थांब बाप्पा, काई नाई झालं तिले." कमलताई बाजूला झाल्या. त्यांच्या मागे वैशाली उभी होती, मुलीचं बोट धरून, हातात डबा. "भेटाले आली हाये तुले."

त्या दवाखान्यात माझी बायको पहिल्यांदाच काहीही दुखत नसताना आली होती.